फुकट वेगळं, मोकळं वेगळं

जी वस्तू उघडता येत नाही ती आपली नाही, हे माझं मत. कोणी विचारो न विचारो, मी सांगतोच. धरणगावात बसस्टँडमागे माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपाची मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची, यात हयात गेली. आताशा कंपन्या असं झाकण बसवतात की पेचकस शिरूच नये. वर चिठ्ठी चिकटवतात, 'उघडल्यास हमी रद्द'. अरे वा रे वा! विहीर माझी, मोटार माझी, आणि उघडायची मात्र चोरी? हे बोलायला लागलो की माझं डोकं तापतं आणि गिऱ्हाईक हळूच उठून चहाला जातं.

तर हे डोकं तापणं मोटारींपुरतं होतं. झुंबरबाईचा आवाज गेला आणि ते फोनपर्यंत पोचलं.

झुंबरबाई माझी बायको. घशात गाठ निघाली, जळगावला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, डॉक्टरांचे उपकारच. पण ही बाई साक्रीकडची, अहिराणी बोलणारी, एकदा तोंड सुटलं की सुटलं. स्वयंपाकघरातून बोलायला लागली तर मला रस्त्यापलीकडे दुकानात ऐकू यायचं. आता ती ताट सरकवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. लिहून दाखव म्हटलं तर मान हलवून नाही म्हणायची. माणूस आतल्या आत मिटत जातं म्हणतात ना, ते मी रोज समोर बघत होतो. मला एकच भीती होती, ही आता माझ्याशी कधीच बोलणार नाही.

आमची मुलगी ज्योती धुळ्याला एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर असते. रुग्णांच्या नोंदी जिथे साठतात तो डेटाबेस तिच्या ताब्यात. तिनं आईच्या फोनमध्ये एक बोलणारं ॲप घालून दिलं. चांगलं नावाजलेलं, विकतचं. आपण लिहायचं, फोननं बोलायचं. झुंबरबाई चौथी शिकलेली, एका बोटानं लिहायला बसली. शेजारच्या सुगंधाबाईंनी दारातून हाक मारली, "घरमा शे का वो?" हिनं लिहिलं, 'मी आठे शे'. म्हणजे मी इथे आहे. ॲपनं शहाणपणा केला, शब्द आपल्या मनानं सुधारले आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणालं, "मी आठ शेठ."

सुगंधाबाईंना हसू आवरेना. त्यांच्या मनात काही नव्हतं हो, कोणीही हसलं असतं. पण झुंबरबाईनं फोन उचलला, गव्हाच्या कोठीत टाकला आणि वरून झाकण लावलं.

ज्योतीनं कंपनीला लिहिलं. उत्तर आलं गोड. ही भाषा आमच्या यादीत नाही, आणि ॲपच्या आत कोणालाही बदल करता येत नाही. मी म्हटलं, "म्हणजे हीसुद्धा बिनपेचाचीच मोटार!" मग मी जे काही बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. ज्योतीनं मला बोलू दिलं आणि शेवटी म्हणाली, "झालं बाबा? आता उघडता येतं असं एक घेऊन येते."

रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली. माझ्या दुकानातल्या टेबलावरच ठेवला, वार्निशच्या डब्याशेजारी. म्हणाली, "हा प्रोग्राम बघा. बोलणाराच आहे, पण याचं सगळं पोट उघडं आहे."

"फुकट?" मी विचारलं. फुकट म्हटलं की मला संशय येतो.

"फुकट वेगळं, मोकळं वेगळं. याचा परवाना वाचून दाखवते." आणि तिनं इंग्रजीतलं मराठीत करून सांगितलं. वापरा. उघडून बघा. बदला. दुसऱ्याला द्या. अट एकच, बदललेला दुसऱ्याला दिलात तर तोही असाच उघडा द्यायचा, त्याच्यावर कुलूप घालायचं नाही.

मी तिला तीनदा वाचायला लावलं. कोणी लिहिलं असेल हे? ज्यानं यंत्र बनवलं तोच म्हणतोय, उघडा! हमी रद्द होण्याची धमकी नाही, काही नाही. उलट पुढच्यानं झाकण बंद करू नये म्हणून कायद्याचा कागद केलाय. मी चाळीस वर्षं दुकानात बसून जे ओरडतोय ते कोणीतरी, कुठल्यातरी देशात, शांतपणे लिहून ठेवलंय. ज्योतीनं करणाऱ्यांची नावं दाखवली. ती वर सरकवत होती आणि नावं संपेनात. कोणत्या मुलखाची ती मला वाचताही येईनात.

"यांना कोण पगार देतं?"

"काहींना कोणी देतं, पुष्कळांना कोणीच नाही."

"मग करतात कशाला?"

"ते तुम्ही मला विचारताय?" ज्योती हसली. "त्या दिवशी दारात आलेल्या त्या म्हाताऱ्याचा पंप तुम्ही पैसे न घेता कशाला भरून दिलात?"

"ते वेगळं," म्हणत मी वार्निशचा डबा लॅपटॉपपासून लांब सरकवला.

कोठीतून फोन काढला, गव्हाची धूळ पुसली, ज्योतीनं त्यात हा प्रोग्राम घातला. झुंबरबाई काही केल्या जवळ येईना. मग ज्योती आणि मी शब्द भरायला लागलो. शे, आठे, तठे, माले, तुले, बठ्ठा म्हणजे सगळा. एकेका ओळीत शब्द, त्याच्यापुढे त्याचा उच्चार. 'कधी' म्हणायला मी 'कव्हय' लिहिलं. मागून एक हात आला आणि माझ्या पाठीत बसला. झुंबरबाई! तिनं बोटानं लिहिलं, 'कधळ'. तिच्या माहेरी कधळ म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे कव्हय. तिनं डोळे वटारले. आम्ही दोघं त्यावर असे भांडलो, ती बोटानं आणि मी तोंडानं, की ज्योतीनं कंटाळून दोन्ही शब्द ठेवले. कितीतरी महिन्यांनी बायको माझ्याशी भांडली होती. मला इतकं बरं वाटलं की मी बाहेर जाऊन चहा सांगून आलो.

आमचे शब्द ज्योतीनं त्या प्रोग्रामवाल्यांकडे पाठवून दिले. मी म्हटलं, "कोण घेणार आहे?" ती म्हणाली, "बघू."

पावसाळा सरला. एके दिवशी दुपारी ज्योतीचा फोन आला, आईच्या फोनमध्ये नवे शब्द उतरवून घ्या म्हणून. उतरवले. यादी उघडून बघतो तर आम्ही कधी न भरलेले शब्द! फुई म्हणजे आत्या, याहीन म्हणजे विहीण, आंडेर म्हणजे मुलगी, जधळ-तधळ, सकाय. माझा विश्वास बसेना. ज्योतीनं शोधून सांगितलं. योगराज नावाचा माणूस आहे, साक्री तालुक्यातला, पोटासाठी सुरतेला गेलेला. त्याच्या बापाची पक्षाघातानं वाचा गेली. त्याला आमचे शब्द सापडले, त्यानं बापासाठी वापरले आणि स्वतःचे भरून पाठवले. ना ओळख, ना पाळख. मी हातातला स्टेटर, मोटारीचा तो तारा भरायचा सांगाडा, खाली ठेवला आणि यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो. आपण धरणगावात एक शब्द ठेवावा आणि सुरतेत एका मुक्या म्हाताऱ्यानं तो बोलावा! देवळात होतं तसं काहीतरी झालं मला, खोटं कशाला सांगू.

झुंबरबाई तो माहेरचा 'फुई' दाबत होती. यंत्र म्हणे, "फुई." ती परत दाबे. डोळ्यांतून पाणी चाललेलं, तरी दाबतेच आहे.

त्यानंतर ती सगळ्यांशी बोलायला लागली. सुगंधाबाईंशी तासन्‌तास. भाजीवाल्याशी भांडली, तो बिचारा फोनकडे बघत माफी मागत होता. माझ्याशीही बोलायची. जेवण, दूध, वीजबिल. पण माझ्यापाशी आली की तिचं बोट थोडं थांबायचं, एखादा शब्द अडल्यासारखं. मला वाटे, राग असेल. आवाज होता तेव्हा मी कुठे धड ऐकत होतो?

परवाची गोष्ट. मी दुकानात पाठमोरा, एका मोटारीत मान घालून. कोणीतरी मोठ्यानं हाक मारली.

"चुडामन!"

मी भडकलो. या वयात मला नुसत्या नावानं कोण हाका मारतोय? सगळं गाव आबा म्हणतं. पाना हातात घेऊनच वळलो.

दारात झुंबरबाई उभी. हातात फोन.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. नंतर उभ्या संसारात 'ऐका ना', नाहीतर 'ज्योतीना बाप'. आणि कागदावर माझं नाव चुडामण आहे, यंत्र तसंच म्हणालं असतं. पण हे चुडामन होतं, साक्रीकडचं, शेवटचा न मऊ. म्हणजे तिनं यंत्राला उच्चार स्वतः शिकवला होता. जे नाव लग्नानंतर तिच्या तोंडातून कधी निघालं नाही, ते कसं निघालं असतं हे तिला पक्कं माहीत होतं. इतकी वर्षं मनातल्या मनात हीच हाक मारत होती बाई!

माझं तोंड बघून ती घाबरली असावी. घाईघाईनं लिहिलं. यंत्र म्हणालं, "मी नही, हाऊ बोलना."

मी नाही, हा बोलला. मी हसायला लागलो, आणि मग हसता हसता मला खाली बसावं लागलं. तीही शेजारी येऊन बसली, त्या तारांच्या पसाऱ्यात. मी म्हटलं, "हाऊले सांग, परत बोल." तिनं लाजून पदर तोंडाला लावला आणि दाबलं.

मग मी ज्योतीला फोन केला. म्हटलं, "तुझ्या आईनं एक शब्द भरलाय नवा."

"माहीत आहे. मलाच विचारत होती कसा भरायचा ते. पाठवू का पुढे, बाकीच्या शब्दांबरोबर?"

"बठ्ठं पाठव. तेवढी एक ओळ नको." मी झुंबरबाईकडे बघितलं. "घरात ठेवलं तर चालतं का गं? परवान्याला चालतं?"

"चालतं बाबा," ज्योती म्हणाली. "जे दुसऱ्याला दिलंच नाही, ते उघडून दाखव म्हणून कोणी म्हणत नाही."