वाढीव अकरा सेकंद

माझं काम दिवसभर लोकांना रस्ता ओलांडताना बघण्याचं आहे. मुख्य शहर, त्याला चिकटून वाढलेली चार उपनगरं आणि नदीपलीकडची नवी वसाहत, असे मिळून सहाशे चाळीस सिग्नल आमच्या कंट्रोल रूममधल्या यंत्रणेला जोडलेले आहेत. कुठे किती गाड्या तुंबल्या ते पाहून ती दिवे बदलते, रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येकाभोवती पडद्यावर हिरवी चौकट काढते, आणि कुणी मागे राहिलं तर गाड्यांचा लाल दिवा काही सेकंद वाढवते. अशा वाढीव सेकंदांची यादी रोज माझ्याकडे येते. मी चित्रीकरण बघायचं आणि खरंच कुणी हळू चालणारं असेल तर ‘बरोबर’, नसेल तर ‘चूक’ अशी खूण करायची. एकदा चूक म्हटलं की तसली गोष्ट यंत्रणा पुन्हा मनावर घेत नाही. आमच्याकडे सगळे तिला सासूबाई म्हणतात, कारण तिची नजर सगळीकडे असते आणि सांगितलेलं ती विसरत नाही.

ही नोकरी मी बाबांसाठी धरली होती. चौदा महिन्यांपूर्वी, एका दुपारी, ते घरातून निघून गेले. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना माणसं नीट ओळखू येत नव्हती, डावा पाय घासत ते चालायचे आणि सगळं अंग त्या बाजूला कललेलं असायचं. पोलिसांत तक्रार झाली, फोटो छापून झाले. मग कुणीतरी सांगितलं की कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसायला माणसं हवी आहेत, शिक्षणाची फारशी अट नाही. सहाशे चाळीस क्रॉसिंगपैकी एकावर तरी बाबा दिसतील असं मला वाटलं. आता कुणाचाही चेहरा पाहिला तरी मला काही वाटत नाही. डोळे मिटले तरी पट्टे दिसत राहतात, पांढरे, एकापुढे एक.

घरी गेलो की आई दार उघडताना विचारते, “दिसले?”

“नाही.”

“बरं. हातपाय धुऊन घे.”

पहिल्यांदा ती नोंद आली तेव्हा मी सरळ पुढे जाणार होतो. नदीच्या पुलाजवळचं क्रॉसिंग, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं, वाढीव अकरा सेकंद. चित्रीकरणात रस्ता ओलांडणारं कुणी नव्हतं. गाड्या थांबलेल्या होत्या आणि पट्ट्यांवरून एक उंच, अरुंद हिरवी चौकट एकटीच सरकत होती. तिच्या आत डांबराशिवाय काही नव्हतं. ऊन, पाण्याचा डाग, उडती पिशवी, अशाने कधीकधी यंत्रणा फसते. पण चौकटी नेहमी सरळ उभ्या असतात. ही डावीकडे कलली होती.

मी कुठलीच खूण केली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती पुढच्या क्रॉसिंगवर आली. तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या. मी भिंतीवरच्या नकाशात पाहिलं. पुलापासून आमच्या घरापर्यंत, सरळ त्या एकाच रस्त्याने, नऊ क्रॉसिंग होती.

पाचव्या दिवशी शिफ्टचे साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “रस्त्यावर कुत्रं नाही, मांजर नाही, आणि सासूबाई कुणासाठी पायघड्या घालतायत?”

“उन्हामुळे असेल, साहेब.”

“मग चूक म्हण आणि मोकळा हो. पाच दिवस काय जपून ठेवलंयस? लोणचं घालायचंय?”

पलीकडच्या खुर्चीवर दुर्बीण बसतो. जाड चष्म्यामुळे त्याचं हे नाव पडलं आहे, आणि पाच वर्षांनी तो निवृत्त होणार असल्याचं रोज एकदा तरी सांगतो. तो पडद्याकडे न बघताच म्हणाला, “राहू द्या हो साहेब. पोरगं कामाला चिकाटीचं आहे. आमच्यासारखं नाही.”

“चिकाटी म्हणजे चिकटून बसणं नव्हे,” साहेब म्हणाले आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, बाबा आत्ता आले तर?”

तिचे हात थांबले नाहीत. “आले तर आले. त्यांचंच घर आहे.” हातातली घडी बाजूला ठेवत ती म्हणाली, “माझा खांदा आता दुखत नाही, तुला सांगितलं का? वर्षभर झोपताना कूस बदलता येत नव्हती. आता येते.” मग पुढची घडी घेऊन तिने ती पुन्हा पुन्हा सरळ केली. “मला ते आता उचलवणार नाहीत रे.”

आईला एक गोष्ट माहीत नाही. बाबा गेले त्या दुपारी ती डॉक्टरांकडे गेली होती आणि मी घरात होतो. आदल्या रात्री त्यांनी आम्हा दोघांना झोपू दिलं नव्हतं. मी पलंगावर पडलो होतो आणि कडी निघाल्याचा आवाज मी ऐकला. पाय घासल्याचा आवाज ऐकला, जिन्यात, एकेका पायरीवर थांबत, खाली जाताना. उठायला हवं होतं. पाच मिनिटांनी उठू असं मी ठरवलं, आणि इतकं बरं वाटलं की मला झोप लागली. सगळ्यांना मी सांगितलं की मी झोपलेलो होतो.

सहाव्या, सातव्या दिवशी मी यादी उघडायची टाळली आणि शेवटी उघडलीच. चौकट येत होती, त्याच गतीने, न चुकता. आठव्या दिवशी ती शाळेजवळच्या क्रॉसिंगवर होती. पुढचं औषधाच्या दुकानासमोरचं, आणि तिथून आमचा जिना दिसतो. मी ते चित्रीकरण पुढेमागे करून कितीतरी वेळा पाहिलं. चौकटीत चेहरा नव्हता, शर्ट नव्हता. बरोबर म्हणावं असं तिच्यात काहीच नव्हतं, हे मी स्वतःला समजावलं. माझी पाठ भरून आली होती. मी ‘चूक’ वर बोट ठेवलं आणि दाबलं. यंत्रणेने विचारलं, नक्की? मी पुन्हा दाबलं.

त्या रात्री मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास मी औषधाच्या दुकानासमोरचा कॅमेरा मोठ्या पडद्यावर घेतला. ऊन होतं. तीन वाजून दहा मिनिटांनी गाड्यांना लाल दिवा लागला, दोन बायका आणि एक सायकल हातात धरलेला माणूस पलीकडे गेले, त्यांच्याभोवती चौकटी आल्या आणि विझल्या. मग पट्टे रिकामे झाले. चौकट आली नाही. वाढीव सेकंद मिळाले नाहीत. गाड्यांचा दिवा ठरल्या वेळी हिरवा झाला.

मी श्वास सोडला, आणि मग लक्षात आलं की एकही गाडी हललेली नाही.

“काय झालं रे?” साहेब मागून म्हणाले. “हिरवा पडलाय की. बंद पडली का बस?”

बस बंद पडलेली नव्हती. तिच्या ड्रायव्हरने काचेआडून हात वर करून खालीवर हलवला, कुणाला सावकाश या म्हणावं तसा. शेजारी स्कूटरवाला दोन्ही पाय टेकून उभा होता, आणि त्याच्या पलीकडच्या गाडीत एक बाई स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. तिघांच्या माना एकाच वेळी, अगदी हळू, एकाच बाजूला वळत होत्या. कुणाच्या चेहऱ्यावर घाई नव्हती.

रस्त्याच्या मध्यावर त्यांच्या नजरा थांबल्या.

तिथेच त्या बराच वेळ राहिल्या. मग, समोरचा माणूस वर काय बघतोय ते पाहावं तसा, आधी स्कूटरवाल्याने, मग बस ड्रायव्हरने, आणि मग त्या बाईने काचेतून वाकून चेहरा वर केला, आणि तिघेही खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बघू लागले.