घरात एकूण माणसे

“थांब गं, वाचू दे. ‘बरं वाटतं’ आणि ‘ठीक वाटतं’ असं वेगवेगळं लिहिलंय, म्हणजे काहीतरी फरक असणारच की!”

आईने चष्मा पुसला आणि ती पुन्हा टॅबलेटवर वाकली. उभा जन्म तिने इस्पितळात नर्स म्हणून काढला होता. रोग्याला ‘कुठे दुखतंय’ विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत जागचं हलायचं नाही, ही तिची जुनी खोड. ऑनलाइन पाहणीचा फॉर्म आला, की समोर माणूस बसून विचारतोय अशा थाटात ती एकेका प्रश्नाला उत्तर द्यायची.

मुलगी घरूनच ऑफिसचं काम करायची. तिची मीटिंग तोंडावर आली होती.

“आण इकडे. असं कोणी वाचत बसतं का? पटापट बोट मारायचं आणि मोकळं व्हायचं.”

तिने सरसकट पहिलाच पर्याय निवडला. घरात कोण असतं? एकटीच. मुलं? नाहीत. रोज कोणाशी बोलता? कोणाशीच नाही.

“काय लिहिलंस?”

“काहीतरी. कोण बघतंय एवढं?”

शेवटी सगळी उत्तरं पडद्यावर आली. आईने ती ओठ हलवत, एकेक करून वाचली. मग टॅबलेट हलकेच पालथा ठेवला.

दोन दिवसांनी दुपारी आईचा फोन वाजला. पाहणीवाल्यांकडून उत्तरं पडताळायला एक मुलगा बोलत होता. आईने स्पीकर लावला. मुलगी तिथेच, टेबलापाशी होती.

“मावशी, घरात कोण कोण असतं?”

“मी एकटीच.”

मुलीला हसू आलं. तिने हात हलवला. आईची नजर तिच्यावरून गेली आणि मागच्या भिंतीवर थांबली.

“मुलंबाळं?”

“नाहीत.”

“आई! अगं, काय बोलतेस?”

“कोणी बोललं का तिथे?” मुलाने विचारलं.

आईने मान कलती करून कानोसा घेतला. वॉर्डात रोग्याचा श्वास ऐकताना घेत असेल, तसा.

“नाही हो. कोणी नाही.”

मुलीने फोन ओढून घेतला. “हॅलो, मी त्यांची मुलगी बोलतेय. ती उत्तरं चुकीची आहेत. मी भरली होती.”

“हॅलो? मावशी? नुसती खरखर येतेय. असो, तुमची उत्तरं जुळली. आभारी आहे.”

फोन बंद झाला.

“आई, रागावलीस का? चुकलं माझं. बोल ना गं.”

आई उठली, स्वयंपाकघरात गेली. मुलगी खुर्चीत तशीच बसून राहिली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि मध्येच आई काहीतरी गुणगुणत होती. आईला इतकं निवांत तिने कधी ऐकलं नव्हतं.

दिवेलागणीला मुलीने दिवा लावला, तशी आई बाहेर आली. खोलीभर तिने एकवार नजर फिरवली. रिकाम्या खोलीत उगाच दिवा कशाला, असं पुटपुटत तिने बटण बंद केलं आणि दार अलगद ओढून घेतलं.