व्रानात्सची छाटणी

“ही वेल आता छाटली तर चालंल का, इचार त्येला,” अण्णा म्हणाले. त्यांच्या हातात कात्री होती. तासगावहून निघताना ती त्यांनी धोतराच्या घडीत गुंडाळून सुटकेसमध्ये घातली होती. कशाला म्हणून विचारलं तर “असू दे” एवढंच उत्तर. “आपल्याकडं द्राक्षाला दसऱ्यालाच कात्री लागती. हितल्या थंडीचं मला काय ठावं न्हाई.”

त्यांच्या मुलाने, श्रीरंगने, जर्मनमधून विचारलं. वेलीच्या मालकाने, रादोवानने, जोरात मान हलवली.

“नाइन, नाइन! आत्ता अजिबात नको. फेब्रुवारीत छाटायची, वेल झोपेत असते तेव्हा. आत्ता कापली तर कोवळं फुटेल आणि थंडीत जळून जाईल. नीट सांग त्यांना. मी उद्या बहिणीकडे गावी चाललोय तीन आठवडे, बागेची किल्ली त्यांच्याकडे ठेवतोय.”

“काय म्हनतोय?” अण्णांनी विचारलं.

एका वाक्याचं काम होतं. पण श्रीरंगच्या मनात गेले दोन महिने साचले होते.

आई गेल्यावर अण्णा एकटे पडले, म्हणून ऑगस्टमध्ये त्याने त्यांना तीन महिन्यांसाठी आपल्याकडे बोब्लिंगेनला आणलं होतं. श्टुटगार्टचा टॉवर दाखवला, तळं दाखवलं, ऑफिसही दाखवलं. अण्णा सगळ्याला “हं” म्हणाले. बापलेकाचं बोलणं आटलं होतं त्याला पंधरा वर्षं झाली होती. इंजिनिअरिंगला असताना श्रीरंग एकदा बियर पिऊन घरी आला, अण्णांनी त्याची ट्रंक अंगणात ठेवली आणि सहा महिने त्याच्याशी चकार शब्द काढला नाही. पुढे बोलणं सुरू झालं ते आईमार्फत. आता आईच नव्हती.

आणि मग एके दिवशी फिरायला गेलेले अण्णा चार तास परतलेच नाहीत. धावाधाव करत श्रीरंग त्यांना शोधायला निघाला, तर ते इमारतीमागच्या भाड्याच्या बागांमध्ये सापडले, एका खोपीच्या भिंतीवर चढवलेल्या द्राक्षवेलीपाशी. शेजारी एक पासष्टीचा आडदांड माणूस जमिनीवर काडीने काहीतरी काढत बसला होता. आणि अण्णा हसत होते! पडलेल्या दाताची फट दिसेपर्यंत हसत होते. ती फट श्रीरंगने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तो रादोवान. छत्तीस वर्षांपूर्वी तो मोंटेनेग्रोहून इथे मोटारीच्या कारखान्यात आला होता. वेलीची काडी त्याने गावाहून ओल्या मोज्यात गुंडाळून आणली होती.

“व्रानात्स,” त्याने श्रीरंगला सांगितलं. “म्हणजे काळा घोडा. आमच्या देशाची द्राक्षं. देश अजून स्वतंत्र झाला नाही, द्राक्षं मात्र आमची आहेत.” जमिनीवर काढला होता तो क्रस्ताचचा घड, त्यांच्याकडचं पांढरं द्राक्ष, क्रुसाच्या आकाराचं. त्याच्याशेजारी अण्णांनी आपल्या तास-ए-गणेशचे लांबट मणी काढले होते. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि त्यांचं काही अडतही नव्हतं.

तेव्हापासून अण्णा सकाळी चहा घेऊन निघायचे ते संध्याकाळी मातीच्या हातांनी उगवायचे. “तुझे वडील माइस्टर आहेत, उस्ताद,” रादोवान भेटेल तेव्हा सांगायचा. “या, गेनाऊ,” हो, अगदी बरोबर, असं श्रीरंग म्हणायचा आणि पुढचा तासभर त्याचं कशात लक्ष लागायचं नाही.

“अरे, तू जळतोयस की काय त्या रादोवानवर?” बायकोने, वसुधाने, एकदा हसत विचारलं. तो तिच्यावर खेकसला, तेव्हा तिचं हसू मावळलं. तिला खरं कळलं होतं.

सप्टेंबरअखेरीला वेलीची काढणी झाली. रादोवानने गेल्या वर्षीची बाटली उघडून पेला अण्णांपुढे धरला. माळकरी नसले तरी आयुष्यभर अण्णांनी थेंबाला शिवलं नव्हतं. श्रीरंग निर्धास्त होता. अण्णांनी पेला घेतला, वास घेतला, घोट घेतला, जिभेवर घोळवला.

“तुरट हाय,” ते म्हणाले. “पर खरी हाय.”

एका बियरसाठी अंगणात ठेवलेली ट्रंक श्रीरंगला आठवली. तो घरी गेला आणि जेवला नाही.

“आरं, काय म्हनतोय त्यो?” हातातली कात्री उघडत अण्णांनी पुन्हा विचारलं.

“काही नाही,” श्रीरंग म्हणाला. “म्हणतोय, बाग तुमचीच समजा. छाटा.”

वेल मरावी असं काही त्याच्या मनात नव्हतं. त्या दोघांच्यात एकदा तरी काहीतरी बिनसावं, एवढंच त्याला हवं होतं. पण मनात काय होतं हे वेलीला थोडंच कळतं.

ऑक्टोबर छान उबदार निघाला. अण्णांनी एकेक काडी मोजून डोळ्यांवर, म्हणजे कोंब फुटतात त्या गाठींवर, छाटली आणि वेल हिरवी कोवळी फुटली. रादोवान परतला तेव्हा अण्णांनी त्याला हाताला धरून नेलं आणि कोंब दाखवले. रादोवानने एका कोंबावरून अंगठा फिरवला. मग त्याने श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंग बुटांकडे बघत होता. “श्योन,” रादोवान म्हणाला, सुंदर, आणि त्याने अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. बिनसलं काहीच नाही. आठवड्याने अण्णा परत गेले, आणि जाताना ती कात्री रादोवानच्या हातात ठेवून गेले. श्रीरंग तेव्हा दोन पावलांवर उभा होता.

तो हिवाळा कडक गेला.

मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी रादोवान बाटली घेऊन दारात उभा राहिला. मोंटेनेग्रोच्या लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं होतं, देश वेगळा होणार होता. बाटली अण्णांनी हातभार लावलेल्या काढणीची होती.

“वेल?” श्रीरंगने विचारलं.

“काळं लाकूड.” रादोवानने दोन पेले भरले. “तू त्यांना सांगितलं होतंस की नाही, हे मी विचारलं नाही. विचारणारही नाही. पण आज रविवार, त्यांना फोन करतोस ना? सांग, छान फुटली.”

श्रीरंगने तासगावला फोन लावला. अण्णांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. “वेल फुटली का रं?”

“फुटली, अण्णा.”

“किती डोळं फुटलं?”

“सगळे.”

“आन् घड?”

“एका काडीला दोन-दोन.”

“आरं, मग विरळनी नको का कराय?” अण्णांचा आवाज चढला. मग ते बोलतच सुटले. कुठला घड ठेवायचा, कुठला काढायचा, पानं कुठवर राखायची. श्रीरंग एकेक पान, एकेक मणी रचून सांगत गेला. अर्धा तास झाला. आयुष्यात अण्णा त्याच्याशी इतकं बोलले नव्हते. समोर रादोवान पेला हातात धरून, एक शब्द कळत नसताना, मान डोलावत होता.

“त्येला एकट्याला उरकायचं न्हाई. तू जा. कात्री दिली का त्यानं तुला?”

“कसली कात्री?”

“माझी. तुला द्याय सांगितलं हुतं, हाताच्या खुणंनं. थेट तुझ्या हातात दिली आसती तर तू घेतली नसतीस. म्हटलं, त्याच्यापशी ऱ्हाऊ दे, बघून बघून शिकशील. जाशील न्हवं?”

“जातो, अण्णा.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून तो परस्पर बागेत गेला. रादोवानने खोपीतून कात्री आणून दिली, तेल घातलेली, कापडात गुंडाळलेली. श्रीरंगने ती हातात घेतली आणि तो वेलीसमोर उभा राहिला. छाटायला तिथे काही नव्हतं.