मिरचीचे केस

“पाय धरा हो तिचे, एवढी एकच बाजू राहिलीय,” मी पोस्टमनला म्हणालो.

पोस्टमनची दाढी अर्धी झाली होती. उरलेल्या गालावर फेस तसाच ठेवून तो खुर्चीतून उठला आणि माझ्या लेकीचे पाय धरून उभा राहिला. हात शेजारच्या चावीवाल्याने धरले होते आणि डोकं माझ्या डाव्या काखेत होतं. लेक साडेचार वर्षांची, पण तीन बाप्ये घामाघूम झालो. मी काम मात्र तीन मिनिटांत उरकलं.

रडक्या पोरांच्या कटिंगबद्दल माझं नावच होतं. लोक दोन-दोन गल्ल्या ओलांडून पोरं घेऊन यायचे. डोकं काखेत दाबायचं, अंगठा कानामागे रोवायचा, तोंडाने गोष्ट सांगत राहायची आणि कात्री थांबू द्यायची नाही. हे मला वडिलांनी शिकवलं होतं. त्या हाताचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

लेकीला सगळे मिरची म्हणायचे. डोक्याला किंवा मानेला हात लागला की ती बिथरायची. किंचाळायची, हाताला लागेल ते फेकायची, चावायची. बालवाडीत मागून कुणी जवळ आलं तरी तेच. बायको फणी तिच्याच हातात द्यायची आणि स्वतः समोर बसून वाट बघायची. कधी अर्धा तास, कधी तास. सासूबाई म्हणायच्या, “एक ठेवून द्या, सुतासारखी सरळ होईल.” गिऱ्हाइकं तर टपलेलीच असायची. “काय कारागीर, दुनियेची डोकी भादरता आणि घरात जंगल वाढवलंय?” मी हसण्यावारी न्यायचो, पण ते लागायचं. शेवटी बालवाडीच्या मोठ्या बाईंचा निरोप आला, की केस डोळ्यांवर येतात, सोमवारपर्यंत कापून आणा. मग मी तिला दुकानात आणलं आणि सगळ्यांसमोर माझी कला दाखवली.

हात सोडले तशी ती रडायची थांबली. आरशात तिने स्वतःकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीवरून घसरून उतरली आणि जाऊन पोस्टमनच्या सायकलीमागे उभी राहिली.

“चांगले कापलेत,” संध्याकाळी बायको म्हणाली. “पण आता ती तुमच्याकडे यायची नाही.”

“चार दिवसांत विसरेल गं.”

ती विसरली नाही. मी जांभई द्यायला हात वर केला, दिव्याचं बटण दाबायला केला, तरी ती दोन्ही तळव्यांनी डोकं झाकायची. जेवताना माझ्या शेजारचं पान सोडून आईच्या पलीकडे बसायची. बालवाडीतलं चावणंही वाढलं. दोन महिन्यांनी बाईंनी सांगितलं, “काही दिवस घरीच ठेवा. पुढचं बघू.” मला तिच्या बालवाडीचं एवढं वाटत नव्हतं. माझी पोर मला भीत होती, याचंच जास्त वाटत होतं. दिवसभर ज्या हातांवर पोट भरायचो, ते घरी गेल्यावर कुठे ठेवावेत हे मला कळेना.

बायको कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती, चारला सुटायची. तोपर्यंत मिरची दुकानातच असायची. गिऱ्हाइकांच्या बाकाच्या अगदी टोकाला पाय हलवत बसायची आणि सगळं बघायची. मी कापड कसं झटकतो, फणी कुठे खोचतो, गिऱ्हाईक गेल्यावर खुर्ची कशी फिरवतो.

एका दुपारी दुकान रिकामं होतं. मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. मागे स्टूल ओढल्याचा आवाज आला. मी हललो नाही. स्टुलावर चढून तिने माझ्या अंगावर कापड टाकलं, टाकायच्या आधी माझ्यासारखंच झटकलं. तिच्या एका हातात फणी होती, दुसऱ्यात मिशीची बोथट टोकाची कात्री.

“किती ठेवू?” ती म्हणाली. आवाज हुबेहूब माझा.

मला हसू आलं. “ठेव तुला हवे तेवढे.”

“नाही. तू सांग. सांगितल्याशिवाय मी नाही कापणार.”

ती खरंच थांबून राहिली. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता, फार गंभीर. दिवसाला वीस जणांना मी हा प्रश्न विचारायचो, टकलावर चार केस असलेल्या पेन्शनरलासुद्धा. लेकीला विचारला नव्हता. मला फार शरम वाटली.

“दोन बोटं ठेव,” मी म्हणालो.

तिने दोन बोटं काही ठेवली नाहीत. मागून टाळूपर्यंत उंदराने कुरतडल्यासारखं झालं. मी ते सारखं केलं नाही. सारखं करायचा विचारसुद्धा तिच्यादेखत करायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला आणि दारातच थबकला.

“हे कुणाचं काम?”

“माझ्याहून चांगल्या कारागिराचं,” मी म्हणालो. “आधी विचारतो.”

तसंच डोकं घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेलो. म्हटलं, “बाई, तिला मागून हात लावू नका. समोर येऊन विचारा. नाही म्हणाली तर नाही. एवढं केलंत तर तिला परत पाठवतो.”

बाई बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत होत्या. “हे तिने केलं?”

“हो.”

“आणि तुम्ही बसून राहिलात?”

“पाय धरायला कुणी नव्हतं,” मी म्हणालो.

बाईंना त्याचा अर्थ कळला नसावा, पण सोमवारी त्यांनी तिला परत घेतलं. चावणं काही जादूने थांबलं नाही. त्या वर्षात ती आणखी तीनदा चावली, त्यात एकदा बाईंनाच. पण नंतर कमी होत गेलं.

माझ्या आयुष्यातला चांगला काळ कोणता असं कुणी विचारलं, तर मी त्यानंतरची वर्षं सांगेन. दर रविवारी माझ्या डोक्यावर प्रयोग व्हायचे आणि मानेवर तिची गार बोटं लागायची. वाढत वाढत ती स्टुलावरून जमिनीवर आली, मग मला खुर्ची खाली करायला लावेनाशी झाली. स्वतःचे केस ती माझ्याच आरशासमोर उभी राहून कापायची, मी मागे हातातला आरसा धरायचो. “अजून वर धर, बाबा. हां. हलू नको.” मी हलायचो नाही. तिच्या केसांना मात्र त्या सगळ्या वर्षांत मी हात लावला नाही.

बाविसाव्या वर्षी तिला दूरच्या गावी नोकरी लागली. निघायच्या दिवशी दुपारी ती दुकानात आली, पिशवी बाकावर ठेवली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

“बाबा, टोकं तेवढी काप.”

“मी?”

“मग काय चावीवाला?”

मी कापड घातलं. डावीकडची बट हातात घेतली आणि कापली. केस मऊ होते, तिच्या आईसारखे. सगळी डावी बाजू होईपर्यंत मी आरशात पाहिलंच नाही. मग पाहिलं. ती हसत होती, पण जबडा आवळलेला होता, आणि कापडाखाली खुर्चीचे हात तिने इतके घट्ट धरले होते की कापड थरथरत होतं. तिला ते अजूनही सोसत नव्हतं. मला बरं वाटावं म्हणून ती बसली होती.

मी कात्री खाली ठेवली. “झालं.”

“झालं?” तिने उजव्या बाजूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “छान झालंय, बाबा.”

उठून तिने कापड स्वतःच झटकलं आणि घडी करून खुर्चीवर ठेवलं. मी पिशवी उचलली आणि थांब्यापर्यंत तिच्या पुढे पुढे चालत गेलो. बस आली. उजवीकडचे केस खांद्यावर, डावीकडचे चांगले दोन बोटं वर, अशीच ती बसमध्ये चढली.