शामलाच्या हातच्या कुरडया

"सोऱ्या कोण दाबन मंग? मी का तू?" गच्चीवरून प्रयागबाईंचा आवाज जिना उतरून थेट स्वयंपाकघरात आला. "सून बसली खाली पंख्याखाली. म्हणे ऊन चालत नाही. नागपुरात राहून ऊन चालत नाही, आता काय करावं माय!"

शेजारच्या कुसुमताई मोकळेपणाने हसल्या. मे महिन्यात नंदनवन भागातल्या या गल्लीत एकीच्या गच्चीवर दुसरी हजर असतेच.

शामला पंख्याखाली नव्हतीच. गॅससमोर उभी राहून ती गव्हाचा चीक घोटत होती. मनगटापासून खांद्यापर्यंत ठणका लागला होता, पण चीक घोटताना हात थांबला की गुठळ्या होतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत गल्लीतल्या सगळ्या घरांच्या कुरडया तीच पाडायची. तिच्या कुरडईची तार केसासारखी बारीक, आणि तळली की ताटभर फुलायची.

आजार म्हणे हत्तीच्या पावलांनी येतो. हिचा मुंगीच्या पावलांनी आला आणि जायचं नावच घेईना. आधी सांधे धरले, मग ताप, मग गालांवर लाल चट्टे. डॉक्टरांनी ल्युपस म्हणून सांगितलं. शरीर स्वतःवरच उलटतं, औषध कायमचं घ्यायचं आणि उन्हात अजिबात जायचं नाही. औषधांनी चेहरा भोपळ्यासारखा गोल झाला. त्यामुळे भेटेल तो म्हणायचा, "तब्येत सुधारली तुमची!" दुखण्याने माणूस वाळतं एवढं लोकांना ठाऊक. फुगणारं दुखणं कोणाच्या बापजन्मात पाहिलेलं नव्हतं.

"रजत," प्रयागबाई गच्चीवर लेकाला सांगत होत्या, "हाड मोडलं तं दिसते, ताप आला तं लागते हाताले. इचं काय दुखते ते इलेच मालूम."

रविवार होता, म्हणून बुटीबोरीला कामावर न जाता रजत घरी होता. तो खाली आला. माणूस वाईट नव्हता, दोन्हीकडून भरडला जाऊन कंटाळलेला होता.

"जराशी वर जाऊन बस ना. अर्धा घंटा. आईले बरं वाटन."

"तुमच्यासमोरच सांगतलं ना डॉक्टरनं?"

"सांगतलं. पण लोक काय म्हणून राहिले, तेही आयकतो ना मी."

ते 'लोक' तिला लागलं. म्हणजे यालाही पुरतं खरं वाटत नव्हतं! शामलाने चिकाचं पातेलं फडक्यात धरलं, डोक्यावरून पदर घेतला आणि जिना चढली. जाऊ दे, म्हणाली मनात, एकदा होऊनच जाऊ दे.

अर्धा तास कसला! चीक गरम असेतो पाडावा लागतो, मध्येच उठायची सोय नसते. सोऱ्या दाबायचा तर दोन्ही हात गुंतलेले, पदर सारखा मागे घसरत होता आणि तो सावरायला कोणी आलं नाही. शामला मात्र पाडत गेली. हात आपली कला विसरले नव्हते, आणि खरं सांगायचं तर तिला आनंदही होत होता. पांढऱ्याशुभ्र कुरडयांनी सगळी चादर भरली.

"बाई बाई," कुसुमताई म्हणाल्या, "असा हात नाही गल्लीत कोणाचा!"

प्रयागबाईंनी सुनेच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. आज पहिल्यांदाच मायेने पाहिलं. "आन् पाय वं कुसुम, जराशी उन्हात राबली तं गालावर कशी लाली आली! माणसानं अंग हलवलं का टवटवीत दिसते."

शामला हसली. ती लाली कसली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण सासूच्या तोंडून चांगला शब्द ऐकून किती दिवस झाले होते! तिने तो पदरात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठवेना. अंगात ताप होता, गाल भाजल्यासारखे जळत होते आणि हातांची बोटं सुजून ताठ झाली होती. मूठ मिटत नव्हती.

"शामला, ये वं वर!" प्रयागबाईंची हाक आली. "जरीपटक्याले राहते त्या तुह्या नणंदेसाठी दुसरा घाणा काढू."

"मले आज नाही जमत, आई."

"काल तं जमलं ना?" रजत डबा भरता भरता म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, साधा प्रश्न होता. इतके दिवस 'जमत नाही' एवढं तरी तिच्या बाजूला होतं, तेही काल तिने आपल्या हाताने घालवलं होतं.

प्रयागबाई स्वतःच खाली आल्या. भांडायला नव्हे, चांगल्या खुशीत आल्या होत्या. त्यांच्या हातात एका उन्हातच कडक झालेली कुरडई होती.

"पाय, कशी झाली! एक तार तुटली नाही. धर."

शामलाने हात पुढे केला. कुरडई तळव्यावर टेकली, पण बोटं मिटली नाहीत. ती घसरून फरशीवर पडली आणि तिचा चुरा झाला.

प्रयागबाई गुडघ्यावर हात देऊन खाली बसल्या आणि एकेक तुकडा वेचू लागल्या.

"वर यायचं नसन तं तोंडानं सांगायचं," त्या हळूच म्हणाल्या. "अन्न कायले फेकायचं?"

शामलाचा हात तसाच पुढे राहिला, उघडा.