गोजाचा हट्टी डबा

लोहाराला मऊ होणारं लोखंड आवडतं. लाल झालं की घणाखाली मुकाट्यानं वाकावं, एवढीच त्याची अपेक्षा. वाकत नाही ते माझ्या लेखी भंगार. माझी बायको गोजा माझ्या उलट होती.

तीस वर्षं तिनं माझ्या भट्टीचा भाता ओढला. सोलापुरात मोटारी फिरू लागल्यापासून त्यांचे मोडके तुकडे आमच्याकडे येऊ लागले. त्यांच्या छिन्न्या करायला बसलो की एखादा तुकडा लालबुंद होऊनही घणाला दाद द्यायचा नाही. मी शिवी हासडून तो फेकायचो. गोजा चिमट्यानं उचलून घासलेटच्या रिकाम्या डब्यात टाकायची.

“कशाला गं तो कचरा?”

“आसू द्या की. तुमच्या आईच्या सोभावाचं हाय. कवातरी उपेगी पडंल.”

आई तेव्हा हयात होती आणि शेजारीच ज्वारी निवडत होती. त्या दिवशी आम्हा दोघांना जेवण फार उशिरा मिळालं.

दसऱ्याला घण, ऐरण, चिमटे यांची पूजा व्हायची. गोजा त्या डब्यालाही हळदकुंकू लावायची. गेल्या श्रावणात ती चार दिवसांच्या तापानं गेली. यंदा डब्याला कुंकू मी लावलं. भाताही आता मीच ओढतो, एका हातात चिमटा धरून. दोन्ही कामं धड होत नाहीत.

दिवाळीच्या आधी वीरभद्रप्पा आला. तो गिरणीच्या बॉयलरवर कोळसा टाकायच्या कामाला. ज्या जाळीवर तो कोळसा जळतो, तिच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पट्ट्या मी ओतून देत असे. त्यानं खांद्यावरची पट्टी माझ्यापुढं टाकली. पार वाकलेली आणि फुगलेली.

“ज्ञानबा, ही पट्टी हाय का जिलबी?”

“तूच लई कोळसा मारतोस, मर्दा.”

“मग काय फुंकर मारून गिरणी चालवू? ऐक. सायब म्हनतोय, आता एकच पट्टी दे. गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत बॉयलर उघडनार. तवर ती सरळ ऱ्हायली तर तुजं काम चालू, न्हाय तर समद्या पट्ट्या मुंबैवरनं मागवनार.”

खुरपी-विळ्यांवर एका माणसाचं पोट भरलं असतं. पण ओतकामाची भट्टी थंड पडली असती, आणि ती गोजानं स्वतः माती तुडवून बांधली होती.

दोन दिवसांनी अक्कलकोटच्या मोटारीचा ड्रायव्हर भीमाशंकर स्प्रिंगचे पाटे ठीक करून घ्यायला आला. बसायला जागा करताना त्यानं डबा सरकवला आणि आत हात घातला.

“आयला, हे तर इंजनाचे व्हॉल्व्ह! बघ, छत्रीवानी डोकं. जाळात लाल होऊन बी ताठ ऱ्हावेत म्हनून पोलादात क्रोमियम आन् सिलिकॉन घालत्यात. हे मऊ पडले तर माजी मोटार वळसंगच्या म्होरं जायाची न्हाय.”

“मग माज्या बिडात घातले तर?”

“मी डायवर हाय, मला काय इचारतोस? आमटीत मीठ घालून चव बघतोस, तसं बघ की!”

आणखी दोन दिवस मी डब्याला हात लावला नाही. त्यावरचं कुंकू अजून तसंच होतं. तिसऱ्या दिवशी मनात म्हटलं, गोजा, भट्टी राखायची तर डबा रिकामा करावा लागतोय. मग व्हॉल्व्ह वेगळे काढले. दीड शेर भरले. मुशीत बारा शेर बीड वितळलं तसे एकेक आत सोडले आणि रस वाळूच्या साच्यात ओतला. पट्टी दिसायला इतर पट्ट्यांसारखीच झाली. दिवाळीच्या सुट्टीत वीरभद्रप्पानं ती जाळीत बसवली.

संक्रांतीला गड्डा भरला. गिरणी बंद झाली आणि वीरभद्रप्पा मला बोलवायला आला. बॉयलरपाशी इंजिनिअर साहेब उभा होता. शेजारच्या पट्ट्या पोट सोडून बसल्या होत्या. ही नवी एकटी सरळ होती. साहेबानं फूटपट्टी लावून पाहिली, मग हातोडीनं वाजवली.

“यात काय घातलंस?”

मी सांगितलं. तो हसला. “बीड सारखं तापलं-निवलं की त्यातला कार्बन लोखंडाची साथ सोडतो. पट्टी फुगते, तडे जातात, जाळ आत शिरतो. क्रोमियम कार्बनला धरून ठेवतं. शेकड्याला एक भाग असलं तरी पुरतं. वरचा गंजाचा पापुद्राही न सुटता घट्ट बसतो. तुला हे कुणी सांगितलं?”

“आमच्या मंडळींनी तुकडे जमवले होते.”

“मग घेऊन ये त्यांना एकदा. बॉयलर दाखवू.”

मी पट्टीवरची राख पुसू लागलो. वीरभद्रप्पा खाली बघत म्हणाला, “सायब, त्या आल्या असत्या तर आदी मलाच बोलल्या असत्या, कोळसा लई मारतो म्हनून.”

साहेबाला कळलं. त्यानं टोपी काढली आणि चाळीस पट्ट्या सांगितल्या.

चाळीस पट्ट्यांना लागणारे व्हॉल्व्ह एका डब्यात कुठले? भीमाशंकर आता मोटारतळावरून जुने गोळा करून आणतो. त्यात साधं पोलादही येतं, म्हणून प्रत्येक तुकडा तापवून बघावा लागतो. काल पहिलाच तुकडा लाल केला आणि घण घातला. तो ढिम्म हलला नाही. सवयीनं शिवी तोंडात आली, ती गिळली. तुकडा चिमट्यानं उचलून डब्यात टाकला आणि भाता ओढायला बसलो.