तारेवर जळणारा झुमका

मी झुमका. जुना, सोनेरी मुलामा उडालेला. आमची जोडी आहे, पण बोलका मीच, म्हणून मीच सांगतो. आणि मित्रांनो, आधीच कबूल करतो, मी पक्का जळकुकडा आहे.

मसोलीतल्या एका घरात बायका दुपारी बसून खोट्या दागिन्यांना कानात अडकवायचे आकडे लावत. तिथे मला आकडा मिळाला. पुढे महालक्ष्मीच्या जत्रेत श्रुतिकाने मला उचललं. ती तेव्हा सहावीत होती. तिची आई नयना तलासरीच्या शाळेत शिक्षिका. शाळेत दागिने घालायला मनाई, तरी घरी आल्याबरोबर आधी मी कानात. वर्षभर माझे नुसते लाड चालले होते. मग मुलामा गेला, आतलं निकेल उघडं पडलं आणि तिच्या कानांना खाज सुटली, पाणी येऊ लागलं. "सोसत नाहीत तिला," म्हणून आईने मला डबीत टाकलं.

तीन वर्षांनी दातांची ती मेली तार आली. श्रुतिकाचे पुढे आलेले दात मागे घ्यायला डहाणूच्या डॉक्टर सुषमांनी ती बसवली. डबीचं झाकण नीट लागत नसे, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. तारेसाठी वेगळा ब्रश, मऊ भात, आरशासमोर अर्धा अर्धा तास. शेजारणीही बघायला येत. माझ्यावर कधी कोणी साधं फडकं फिरवलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

महिन्याभरात श्रुतिकाच्या ओठांच्या आत फोड आले, हिरड्या सुजल्या. घास गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी येई. आईला वाटलं, पोरगी दात नीट घासत नाही. रोज बोलणी बसू लागली. "आई, काढून टाक ही तार. राहू देत दात वाकडे," असं एकदा ती रडत म्हणाली. सांगायला लाज वाटते, पण मला फार बरं वाटलं.

मग आगरला चुलतबहिणीची हळद आली. "एक दिवसाने काय होतंय," म्हणत श्रुतिकाने मला घातलं, आणि दुसऱ्या दिवशीही काढलं नाही. फोटोत तिने तोंड मिटून ठेवलं होतं. तार आत, मी बाहेर. मी तोऱ्यात डुललो.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तोंड तपासलं आणि त्यांची नजर लालबुंद कानांवर गेली.

"हे कशाने?"

"अहो, ते जुनंच आहे. खोटे दागिने सोसत नाहीत तिला," आई म्हणाली.

"मग फॉर्मवर 'ॲलर्जी नाही' कसं लिहिलंत, नयनाताई?"

"मला वाटलं, ॲलर्जी म्हणजे औषधाची. कानाचं दुखणं दाताच्या डॉक्टरला काय सांगायचं?"

"चूक माझीही आहे. मी दागिन्यांचं वेगळं विचारायला हवं होतं."

तारेतही निकेल असतं, म्हणे. लाळेत ते अगदी थोडं थोडं उतरतं. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, पण श्रुतिकाला बहुधा निकेलच सोसत नसावं. तार त्याच दिवशी निघाली. त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर निकेलची पट्टी लावून ॲलर्जीची खात्री केली. फोड बरे झाल्यावर निकेल नसलेली नवी तार बसली. जुनी तार निघाली तेव्हा तपासणीच्या खुर्चीपाशीच आईने लेकीचा हात धरला. "उगाच बोलले गं तुला," ती म्हणाली.

ज्या निकेलने मी तिचे कान दुखवले, त्यानेच तिचं तोंड दुखत होतं, आणि मी त्यावर खूश होत होतो.

डॉक्टरांनी मला मागून घेतलं. आता मी त्यांच्या टेबलावर बशीत असतो. नवा पेशंट आला की त्या मला दाखवून विचारतात, "असलं कानात घातलं की खाज येते का?" झाईची रूपी परवा "हो" म्हणाली. तिचीही आधी तपासणी होणार आहे.

मित्रांनो, तारेला घाबरू नका. पण अंगाला जे सोसत नाही ते डॉक्टरांना सांगा, कितीही क्षुल्लक वाटलं तरी.

काल श्रुतिका आली होती. तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, नव्या तारेचाही मला हेवा वाटला. मग ती तोंडभर हसली, आणि तिला कुठेच दुखलं नाही. तेवढा वेळ मी जळायचं विसरलो.